सावोनलिन्ना: पाण्यावरच्या सीमेचं गाव

फिनलंडच्या आग्नेय कोपऱ्यात साइमा नावाचं अवाढव्य सरोवर आहे. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर पाणी आणि त्यात १४,००० च्या आसपास बेटं. त्या बेटांच्या गर्दीत सावोनलिन्ना वसलेलं आहे. बाहेरचे लोक तिथे जातात ते बहुतेक जुलैच्या ऑपेरा महोत्सवासाठी. आम्हीही ऑपेराची तिकिटं हातात घेऊनच निघालो होतो. किल्ला देखणा, पाणी निवांत, मासे ताजे, हे सगळं खरंच आहे. पण हे गाव जन्माला आलं ते सीमेच्या भांडणातून, आणि ती सीमा आजही त्याचा पिच्छा सोडत नाही. हे माहीत नसेल तर सावोनलिन्ना अर्धंच बघून होतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गुरुवार: पारिक्कालाला गाडी बदलून

माझी ताई एस्पोला राहते. भावोजी नोकियात लागले तेव्हापासून ती तिथलीच झाली आहे. हेलसिंकीहून आम्ही दोघींनी सकाळची गाडी धरली. योएन्सूकडे जाणारी ही जलद गाडी पारिक्काला या स्टेशनावर सोडायची आणि समोरच उभ्या असलेल्या छोट्या गाडीत बसायचं. सगळे मिळून चार तासांहून थोडे जास्त लागतात.

पारिक्काला इतकं लहान स्टेशन आहे की इथे गाडी का बदलायची, असा प्रश्न पडतोच. उत्तर नकाशात आहे. १९०८ साली सावोनलिन्नाला रेल्वे आली तेव्हा ती एलिसेनवारा या जंक्शनला जोडली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ मध्ये, कारेलिया प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि त्याबरोबर एलिसेनवाराही गेलं. जंक्शनच परदेशात गेल्यावर लोहमार्ग नव्या सीमेच्या अलीकडून फिरवणं आलं. पारिक्कालाहून रशिया अगदी काही किलोमीटरवर आहे. तिथला सीमेवरचा नाका आता बंद आहे.

छोट्या गाडीत बसल्यावर मात्र खिडकी सोडू नका. पुंकाहार्युजवळ दोन्ही बाजूंना पाणी येतं आणि गाडी पाइनच्या उंच बुंध्यांमधून, जमिनीच्या अरुंद पट्टीवरून धावते. उतरताना एक लक्षात ठेवा: पॅस्क्यूलाहती हा शहरातलाच थांबा आधी येतो, पण बाजारपेठ आणि बंदर हवं असेल तर त्याच्या पुढच्या, शेवटच्या स्टेशनावर उतरायचं.

खोली आम्ही एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी घेतली होती. सामान टाकलं आणि थेट कौप्पातोरीवर, म्हणजे बंदरालगतच्या बाजारचौकात गेलो. एका बाजूला वाफेच्या जुन्या बोटी, दुसऱ्या बाजूला टपऱ्या. स्ट्रॉबेरी इथे किलोवर मिळत नाही, लिटरच्या मापाने मिळते. तेच मटाराच्या शेंगांचं. लोक शेंगांची पिशवी घेतात, बाकावर बसतात आणि कच्चेच दाणे खातात. आम्हीही तेच केलं. दाणे इतके गोड होते की दुसरी पिशवी घ्यावी लागली.

इथला खास पदार्थ लर्त्सी. पातळ लाटलेल्या पोळीत सारण भरून, अर्धचंद्राकार दुमडून, तेलात तळायचं. आकार मोठा, आपल्या करंजीच्या दुप्पट-तिप्पट. एक मांस आणि भाताचा, दुसरा सफरचंदाच्या जॅमचा. ताई शाकाहारी आहे, तिने सफरचंदाचा घेतला. टपरीवरच्या आजींनी कढईतून काढून, साखरेत घोळवून कागदात दिला आणि खुणेने सांगितलं, थांबा, आत गरम आहे. मी मुइक्कू घेतले. बोटभर लांबीचे हे चंदेरी मासे राई नावाच्या धान्याच्या (आपली मोहरी नव्हे) पिठात घोळवून लोण्यावर परततात आणि काट्यासकट खातात. सोबत नवे बटाटे आणि शेपू. शेपूची पालेभाजी नको म्हणणाऱ्यांनीही बटाट्यावरची ही शेपू चाखून पाहावी.

रात्री साडेदहालासुद्धा लख्ख उजेड होता. जुलैत जाणार असाल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. खोल्यांना पडदे असतात, पण ते पुरत नाहीत.

शुक्रवार: गोठत नाही ते पाणी

ओलाविनलिन्ना हा किल्ला गावाच्या पूर्व टोकाला, पाण्यातल्या एका खडकावर उभा आहे. क्यूरनसाल्मी नावाची अरुंद खाडी हाउकिवेसी आणि पिह्लायावेसी या साइमाच्या दोन भागांना जोडते. सगळं पाणी या चिंचोळ्या वाटेतून जात असल्यामुळे इथे ओढ जबरदस्त आहे. पुलाच्या कठड्याला टेकून मी बराच वेळ खाली बघत राहिले. पाणी चहाच्या रंगाचं, पण स्वच्छ. खडकाच्या कोपऱ्यावर ते दुभंगतं, मागे वळतं, गोल गोल भोवरे सुटत जातात. एक बदक त्या धारेत पोहायचा प्रयत्न करत होतं आणि जागच्या जागीच होतं. भर हिवाळ्यात आजूबाजूचं सरोवर दगडासारखं गोठतं, तेव्हाही ही खाडी उघडी राहते. पूर्वी हिवाळ्यात फौजा गोठलेल्या सरोवरावरूनच चालून यायच्या. चारी बाजूंना बर्फ आणि किल्ल्याभोवती तेवढं वाहतं पाणी, याहून चांगला खंदक माणसाला खणता आला नसता.

हे ओळखणारा सरदार म्हणजे एरिक आक्सेलसन तोत. आज रशियात असलेल्या व्हीबोर्ग किल्ल्याचा तो अधिकारी. १४७५ मध्ये त्याने इथे बांधकामाला हात घातला. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. १३२३ च्या तहाने स्वीडन आणि नोव्हगोरोद हे रशियन राज्य यांच्यात जी सीमा ठरली होती, तिच्या हिशेबाने ही जागा आपली आहे असं रशियाकडचे लोक म्हणत. त्यामुळे किल्ला बांधता बांधताच हल्ले होत. मूळच्या पाच मोठ्या बुरुजांपैकी तीन आज उभे आहेत.

आतल्या काही भागांत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. आमच्याबरोबर एक कॉलेजातली मुलगी होती. दगडी जिने इतके अरुंद आणि चढे की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागतं. एका जागी तिने सगळ्यांना भिंतीवर तळहात ठेवायला सांगितलं. बाहेर चोवीस अंश तापमान होतं आणि भिंत बर्फासारखी गार. तिच्याकडून दोन दंतकथा ऐकल्या. एक, वेढा पडलेला असताना तटावर चढलेल्या काळ्या एडक्याची. त्याची शिंगं बघून शत्रूला सैतानच वाटला म्हणे. त्या एडक्याचा पुतळा किल्ल्याजवळच्या किनाऱ्यावर आहे. दुसरी, फितुरीच्या आळावरून भिंतीत चिणलेल्या मुलीची. त्या भिंतीतून रोवनचं झाड उगवलं आणि त्याला लाल फळं धरली. गड-किल्ल्यांच्या मुलखातून आलेल्या आम्हा दोघींना ही दुसरी गोष्ट फार जवळची वाटली. ताई बराच वेळ काही बोललीच नाही.

किल्ल्याच्या आडोशाने वस्ती वाढली आणि १६३९ मध्ये फिनलंडचा गव्हर्नर जनरल पेर ब्राहे याने इथे रीतसर शहर वसवलं. मग सुरू झाली ओढाताण. १७१४ मध्ये रशियाने किल्ला जिंकला, पुढे तहात तो स्वीडनला परत मिळाला. १७४३ च्या तहात गाव आणि किल्ला दोन्ही पुन्हा रशियाकडे. १७८८ मध्ये स्वीडिश फौजेने वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. मला सगळ्यात आवडलेली हकीकत त्यानंतरची आहे. दक्षिणेकडच्या लापेनरांताहून सावोनलिन्नाला बोटीने यायचं तर पुमालाच्या खाडीतून यावं लागे, आणि पुमाला स्वीडनकडे. तेव्हा १७९० च्या दशकात सेनापती सुवोरोवच्या देखरेखीखाली रशियाने चार छोटे कालवे खणले. हेतू एकच, आपल्या लढाऊ होड्यांना परक्या पाण्यातून जावं लागू नये. हे कालवे आजही आहेत. १८०९ मध्ये सगळा फिनलंडच रशियाच्या साम्राज्यात गेला आणि १८१२ मध्ये सावोनलिन्ना पुन्हा फिनलंडच्या इतर भागाशी जोडलं गेलं. भोवतालची सीमाच नाहीशी झाल्यावर किल्ल्याला काम उरलं नाही. काही काळ त्याचा तुरुंग झाला, आगी लागल्या, पडझड झाली.

दुपारी किल्ल्यासमोरच्या रीहिसारी संग्रहालयात गेलो. ही इमारत म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं सरकारी धान्यकोठार. इथे आवर्जून वेळ द्या. सलामा नावाच्या जहाजाची गोष्ट मी कधी विसरणार नाही. शिडं आणि वाफेचं इंजिन दोन्ही असलेलं हे जहाज १८७४ मध्ये बांधलं. १८५६ मध्ये साइमा कालवा खुला झाल्यापासून सरोवरातला माल व्हीबोर्गमार्गे थेट समुद्रापर्यंत जाऊ लागला होता, त्याच वाहतुकीतलं हे जहाज. १८९८ मध्ये दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन ते बुडालं आणि १९७१ मध्ये वर काढलं तेव्हा सांगाडा जवळजवळ धडधाकट होता. थंड, गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री जीव नसतात, म्हणून ते टिकलं.

साइमा कालव्याचंही नशीब सीमेशीच बांधलेलं. १९४४ नंतर त्याचं समुद्राकडचं टोक सोव्हिएत संघात गेलं. १९६३ मध्ये फिनलंडने तो भाग भाडेपट्ट्याने घेतला, नवा कालवा बांधला आणि १९६८ मध्ये जहाजं पुन्हा धावू लागली. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर मालवाहतूक थांबल्यातच जमा आहे. आमच्या घरमालकीण बाई म्हणाल्या, "पूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मालाची जहाजं दिसायची. आता फक्त सहलीच्या बोटी दिसतात."

संध्याकाळी सातला ऑपेरा. इथे महोत्सव सुरू केला तो आइनो आक्ते या गायिकेने. पॅरिसच्या आणि न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गाजलेली ही फिनिश सोप्रानो, म्हणजे उंच स्वरात गाणारी गायिका. किल्ल्याचं अंगण पाहून तिला इथे ऑपेरा करायचं सुचलं आणि १९१२ मध्ये पहिला महोत्सव झाला. सुरुवात एर्की मेलार्तिनच्या फिनिश ऑपेराने. देश अजून झारच्या अमलाखाली होता, तेव्हा आपल्या भाषेत, आपल्या किल्ल्यात गाणं याला केवढा अर्थ होता! पुढे युद्धं, टंचाई, दीर्घ खंड. १९६७ पासून महोत्सव पुन्हा मार्गी लागला आणि १९७० च्या दशकात मार्ती ताल्वेला या खर्जात गाणाऱ्या धिप्पाड बास गायकाने त्याला जगाच्या नकाशावर नेलं. किल्ल्याला ५०० वर्षं झाली त्या १९७५ साली आउलिस साल्लिनेनच्या 'रात्सुमिएस' या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग इथेच झाला. स्वीडन आणि रशियाच्या मध्ये सापडलेल्या माणसाची ती कथा. आता हे बघा: ताल्वेलाचा जन्म हीतोलाचा आणि साल्लिनेनचा साल्मीचा. दोघेही १९३५ चे, आणि दोन्ही गावं आज रशियात आहेत. ज्यांची जन्मगावं सीमेपलीकडे गेली, त्या माणसांनी सीमेसाठी बांधलेल्या किल्ल्यात हे गाणं उभं केलं. हे कळलं आणि मला त्या अंगणात बसणंच वेगळं वाटू लागलं.

आम्ही पाहिला तो व्हर्दीचा ऑपेरा. सुमारे २,२०० माणसं बसतात. वर ताडपत्रीसारखं मोठं छत असतं, भिंती मात्र खऱ्या, पंधराव्या शतकातल्या. दुसऱ्या अंकात पाऊस आला. छतावर थेंबांचा ताशा वाजू लागला आणि वाद्यवृंदाने तसूभरही ढळू न देता सूर उचलून धरले. कोरसमधले सत्तर-ऐंशी आवाज एकदम उठले तेव्हा मागची दगडी भिंत थरथरल्याचा भास झाला. गाणाऱ्यांच्या वरून मधूनच पाकोळ्या चिरकत जात. कोणाचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं.

ऑपेराला जाणाऱ्यांसाठी: तिकिटं आणि राहायची जागा दोन्ही हिवाळ्यातच घेऊन टाका. जुलैत ऐनवेळी खोली मिळत नाही. स्वेटर आणि जाड मोजे न्या, दगडी अंगणात रात्री गारठा झोंबतो. उंच टाचांच्या चपला नकोत, फरसबंदी ओबडधोबड आहे.

शनिवार: केरिमाकी आणि पुंकाहार्यु

शनिवार-रविवारी बस फार कमी, म्हणून गाडी भाड्याने घेतली. केरिमाकी वीस-पंचवीस किलोमीटरवर. शेतं, बर्चची झाडं, लाल रंगाची लाकडी घरं, आणि मग एकदम झाडांच्या वर पिवळट-पांढरा घुमट. १८४७ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च जगातलं सर्वांत मोठं लाकडी चर्च मानलं जातं. ४५ मीटर लांब, ४२ मीटर रुंद. बाकांवर तीन हजारांहून जास्त माणसं बसतात, उभी धरली तर पाच हजार.

खेड्यात एवढं चर्च कशाला? मापं फुटात लिहिली होती आणि सुतारांनी मीटर धरले, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती खोटी आहे, त्या काळी फिनलंडमध्ये मीटर वापरातच नव्हता. परगण्याची वस्ती दहा हजारांवर होती आणि निम्म्या लोकांना एका वेळी प्रार्थनेला बसता यावं, असा तिथल्या धर्मगुरूंचा विचार होता. लोक होड्यांतून आणि घोड्यांवरून लांबलांबच्या बेटांवरून यायचे. आत गेल्यावर ताजं लाकूड चिरल्यासारखा वास येतो, अजूनही. आतले खांब संगमरवरी वाटतात. जवळ जाऊन बघितलं तर लाकडावर ब्रशाने काढलेल्या शिरा दिसतात, काही जागी कारागिराचा हात घसरलेलाही दिसतो. आठ शेगड्या पेटवूनही हिवाळ्यात ही वास्तू गरम होत नसे, म्हणून शेजारी लहानसं हिवाळी चर्च आहे. मोठं चर्च फक्त उन्हाळ्यात उघडं असतं, वेळा बघून जा.

तिथून पुंकाहार्यु. हिमयुगाच्या शेवटी वितळत्या हिमनदीखालून वाहणाऱ्या प्रवाहाने वाळू आणि गोटे साचवत नेले, त्याचा हा सात किलोमीटर लांबीचा कणा. काही जागी माथ्यावरून दोन्हीकडचं पाणी एकदम दिसतं. व्हीबोर्गकडे जाणारा जुना रस्ता यावरूनच जायचा. १८०३ मध्ये झार पहिला अलेक्झांडर इथून गेला, त्याला हा देखावा भावला आणि इथली झाडं तोडू नयेत असा हुकूम झाला. त्याच रस्त्याने आम्ही चालत निघालो. पाइनच्या झाडांखाली ब्लूबेरीची झुडपं पसरली होती. फिनलंडमध्ये रानातली फळं कोणीही खुडू शकतं, जमीन कोणाची का असेना. राखीव भागातसुद्धा बहुतेक ठिकाणी फळं काढायला मुभा असते. आमचे हात आणि जिभा जांभळ्या झाल्या. ताईची ही इतकी वर्षांची सवय, ती चालता चालता दोन्ही हातांनी खुडत होती. पावसाळी दिवस निघाला तर जवळच लुस्तो हे जंगलाचं संग्रहालय आहे, लाकूडतोड आणि ओंडके पाण्यातून वाहून नेण्याची सगळी अवजारं तिथे बघायला मिळतात.

परतीच्या वाटेवर एका घरगुती कॅफेत कॉफी आणि पुल्ला घेतला. पुल्ला म्हणजे वेणीसारखा गुंफलेला गोड पाव. त्यात भरडसर कुटलेली वेलची असते, आणि हात आखडता नसतो. उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळच्या लोकांच्या रोजच्या पावात आपल्या दक्षिणेतला मसाला इतका रुळलाय, हे बघून बरं वाटलं.

रविवार: सील, राखेतली शेती आणि सौना

ओरावी हे गाव सावोनलिन्नाच्या उत्तरेला. १९ व्या शतकात इथे सरोवराच्या तळातून काढलेल्या खनिजापासून लोखंड बनवत. इथून बोटीने लिन्नानसारी राष्ट्रीय उद्यानात जाता येतं. उद्यान १९५६ पासूनचं.

सगळ्यांना बघायचा असतो तो साइमाचा सील, म्हणजे पाण्यात राहणारा सस्तन प्राणी. हिमयुग संपताना जमीन वर उचलली गेली, सरोवर समुद्रापासून तुटलं आणि हे सील सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी आत अडकले. तेव्हापासून ते गोड्या पाण्यातच आहेत, जगात इतरत्र कुठेही नाहीत. १९८० च्या सुमारास दोनशेसुद्धा उरले नव्हते. आता चारशेच्या पुढे गेले आहेत. आम्हाला सील दिसला नाही. त्यासाठी मेच्या उत्तरार्धात यावं, तेव्हा कात टाकायला ते खडकांवर पहुडतात.

पण बोटीवर एक मध्यमवयीन गृहस्थ भेटले. ते हिवाळ्यात स्वयंसेवक म्हणून सीलसाठी बर्फाचे ढीग रचायला जातात. मादी किनाऱ्यालगतच्या बर्फाच्या ढिगात बीळ करून फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लू घालते. हल्ली हिवाळे उबदार होतात, वाऱ्याने साचणारे ढीग पुरेसे होत नाहीत. मग माणसं फावडी घेऊन गोठलेल्या सरोवरावर जातात आणि सात-आठ मीटर लांबीचे ढीग घालतात. "आम्ही ढीग घालून निघून येतो," ते म्हणाले. "तिने तो वापरला का, हे वसंतात पाणबुडे जाऊन बघतात तेव्हा कळतं. माझ्या एका ढिगात पिल्लू झालं होतं." हे सांगताना त्यांचा चेहरा एवढा उजळला, की आजूबाजूचे दोघंतिघं त्यांच्याकडे वळून बघू लागले. त्यांनीच सांगितलं की सीलच्या भागात १५ एप्रिल ते ३० जून जाळी लावायला बंदी असते, कारण पिल्लं जाळ्यात अडकून गुदमरतात. मासेमारीवर जगलेल्या या भागात तो नियम सहजासहजी पचलेला नाही.

बेटावर एक जुनं कुळाचं शेत जपलं आहे. सावो प्रांतातली शेती पूर्वी जंगल तोडून, जाळून, राखेत राई पेरून व्हायची. आपल्याकडे मावळात नि कोकणात राब भाजतात, तसाच जमिनीला राखेचा हात द्यायचा हा प्रकार, फक्त इथे अख्खं जंगलच जाळायचे. चार-पाच पिकांत जमीन थकली की पुढचं जंगल. त्यामुळे इथली माणसं सतत पुढे सरकत राहिली. सोळाव्या-सतराव्या शतकात ती स्वीडन आणि नॉर्वेच्या जंगलांपर्यंत गेली. तहात लिहिलेल्या सीमेला या शेतकऱ्यांनी कधी जुमानलं नाही, आणि किल्ल्याच्या तंट्याचं एक मूळ तेही होतं.

संध्याकाळी घरमालकीण बाईंनी सौना पेटवला. लाकडाच्या चुलीवर तापवलेल्या दगडांवर पाणी टाकायचं, वाफ अंगावर घ्यायची, असह्य झालं की धक्क्यावरून सरोवरात उतरायचं. बर्चच्या ताज्या डहाळ्यांची जुडी त्यांनी सकाळीच बांधून ठेवली होती. तिने पाठ, खांदे झोडपून घेतले की बर्चच्या पानांचा हिरवा वास सगळीकडे भरतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सगळ्यात खालच्या फळीवर बसावं आणि आधी भरपूर पाणी प्यावं.

नंतर पायरीवर बसून बाई बोलत्या झाल्या. १९५० च्या दशकापासून सावोनलिन्नात शिक्षकांचं महाविद्यालय होतं, पुढे ते विद्यापीठाचं केंद्र झालं. त्या तिथेच शिकल्या आणि नंतर तिथल्याच सराव शाळेत शिकवत होत्या. २०१८ मध्ये ते केंद्र बंद करून योएन्सूला नेलं. "किल्ला गेला असता तर पर्यटक रडले असते," त्या म्हणाल्या. "विद्यार्थी गेले तेव्हा आम्ही रडलो. सप्टेंबरात या एकदा. रस्त्यावर तरुण माणूस दिसतोय का बघा." जुलैत गजबजलेल्या या गावाची लोकसंख्या तीस हजारांच्या थोडी वर आहे आणि ती घटते आहे. पूर्वेची सीमा बंद झाल्यापासून रशियन पर्यटकही येत नाहीत. एके काळी सुट्ट्यांत इथल्या दुकानांत रशियन पाट्या असायच्या. ताईने विचारलं, तुम्ही कुठे जाणार नाही ना? त्यांनी पाण्याकडे हात केला. "कुठे जाऊ? माझी होडी इथे आहे."

सोमवार: पाण्यावरून कुओपिओ

उन्हाळ्यात ठरावीक दिवशी सावोनलिन्नाहून कुओपिओला बोट जाते. सकाळी निघून संध्याकाळी पोचते. रस्त्याने हेच अंतर फार लवकर कापता येतं, पण बोटच घ्या. हेइनावेसीच्या या मार्गावर पिल्प्पा, विहोवुओन्ने, केरमा, कारविओ अशी उघडमीट करणाऱ्या दारांची टाकी लागतात. बोट टाक्यात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी चढतं, बोट वर उचलली जाते. काठावर सायकलवरून आलेली मुलं दोर पकडायला धावतात. दुपारच्या जेवणात सॅमनची दुधातली आमटी आणि राईचा काळा पाव मिळतो. ताईसाठी बटाटे, सॅलड आणि करजालनपीराक्का, म्हणजे राईच्या पातळ पारीत दूधभात भरून भाजलेली वडी. वरून अंडं-लोणी लावतात, नको असेल तर आधी सांगा.

आमच्या टेबलाला ऐंशीच्या घरातल्या एक आजी बसल्या होत्या. त्या कारविओला उतरून न्यू वालामो मठात जाणार होत्या. हा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ मूळचा लाडोगा सरोवरातल्या बेटावरचा. १९४० मध्ये मठवासी तिथून निघाले आणि हेइनावेसीला येऊन त्यांनी नव्याने संसार मांडला. आजींचं घराणंही तिकडचंच, लाडोगाकाठच्या याक्किमाचं. कारेलियातून चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून आली, त्यांत त्यांची आई होती. दोन गाई दोरीला धरून चालत आली, आणि त्यातल्या एका गाईला वाटेत वासरू झालं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकात आजी आईला घेऊन गाव बघायला गेल्या होत्या. घर नव्हतं. विहिरीचं कठडं सापडलं. आईने त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि इथल्या सफरचंदाच्या झाडाला घातलं.

"आता परत जाता येईल असं वाटतं का?" मी विचारलं.

"मला नाही," त्या म्हणाल्या. "पण नातू नकाशा शिकलाय. सगळी गावं त्याला पाठ आहेत."

कारविओला त्यांची पिशवी मी धक्क्यावर उतरवून दिली. त्यांना न्यायला मठाची गाडी आली होती.

कुओपिओला पोचलो तर बाजार बंद व्हायच्या बेतात होता. कालाकुक्को, म्हणजे राईच्या पावाच्या पोटात मासे घालून तासन्‌तास भाजलेला गोळा, तेवढा मिळाला. तो दोन दिवस टिकतो, म्हणून गाडीच्या प्रवासाला सोयीचा. कुओपिओहून हेलसिंकीला थेट गाड्या आहेत, साधारण चार तासांच्या. हीच फेरी उलटी करायची असेल तर बोटीचे दिवस आधी बघा, कारण दोन्ही दिशांचे वार वेगळे असतात, आणि ऑगस्टच्या मध्यानंतर बोट नसते असं गृहीत धरूनच आखणी करा.